पट्टीवर न दिसणारी कपात

रविवारी सकाळी, म्हणजे माझ्या अमेरिकेतल्या शनिवारी रात्री, ताईचा फोन येतो. ताई कागल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागली, त्यामुळे जुन्या पेन्शनला मुकली आणि बाजारावर चालणाऱ्या नव्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत गेली. तिच्याच शाळेतले, तिच्या दोन वर्षं आधी लागलेले सर मात्र निम्म्या पगाराची पेन्शन घेणार, वर महागाई भत्ता. मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ती आठवडाभर उन्हात उभी होती. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली: 25 वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम. पाठोपाठ महाराष्ट्रानंही होकार दिला. तरी ताईचं समाधान नाही, आणि फोन ठेवताना मला टोमणा ठरलेला, “तुला काय रं, तू डॉलरात खातोयस.”

डॉलरात खातो हे खरं. पण मला पेन्शनच नाही. आमच्या कारखान्यातल्या माझ्या आधीच्या पिढीला कंपनीची पेन्शन होती, माझ्या वाट्याला आली ती ‘चारशे एक के’. 1978 च्या कर कायद्यातल्या कलमाचा क्रमांकच तिचं नाव होऊन बसला. पगारातून दर महिन्याला पैसे कापायचे, कंपनी त्यात थोडी भर घालते, आणि ते कुठल्या फंडात घालायचे ते मी ठरवायचं. बाजार चढला तर माझा, पडला तरी माझाच.

दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलली. जुनी कंपनी छोटी, शंभर-सव्वाशे माणसांची, नवी मोठी. जुन्या योजनेतले पैसे नवीत आणायचे म्हणून दोन्हींचे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. दोन्हीकडे माझा पैसा अमेरिकेतल्या त्याच पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये होता. नव्या योजनेत सगळा खर्च धरून वर्षाला 0.05 टक्के. जुनीत फंडाचा 0.55 आणि योजना चालवणाऱ्याचा 0.40, मिळून 0.95.

पाऊण-एक टक्क्यानं काय बिघडतंय, असं मीही म्हणालो होतो. मग कॅल्क्युलेटर काढला. एक लाख डॉलर, 25 वर्षं, खर्चाआधी दर साल 7 टक्के वाढ. 0.05 कापलं तर सुमारे 5 लाख 36 हजार होतात. 0.95 कापलं तर 4 लाख 34 हजार. मधले एक लाख दोन हजार, म्हणजे मूळ मुद्दलाएवढा पैसा, फक्त सांभाळणावळ म्हणून गेला. सांभाळायला तरी काय होतं? पाचशे कंपन्यांची यादी, तीही दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली.

अकरा वर्षं मी त्या योजनेत पैसे भरले आणि एकदाही विचारलं नाही, कारण पैसे कापलेले दिसतच नाहीत. फंडाचा खर्च रोजच्या भावातूनच वजा होतो आणि राहील तो भाव आपल्याला कळवतात. तिमाहीच्या कागदावर ‘फंडाचा खर्च, इतके डॉलर’ अशी ओळ येत नाही. 2012 पासून इथल्या नियमानं दर वर्षी खर्चाचा तक्ता पाठवावा लागतो, तो मला येतही होता. किराणा दुकानांच्या जाहिरातींबरोबर मी तो रद्दीत टाकत होतो.

हे लिहायची लाज वाटते, कारण मी गुळाच्या घरातला आहे. आबा गूळ घेऊन मार्केट यार्डात जायचे. सौदा झाला की अडत्याकडून पट्टी मिळायची: इतके रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, इतकं वजन, हा दर, आणि खाली हमाली, तोलाई, एकेक कपात स्वतंत्र ओळीत. आबा दुकानाच्या पायरीवर बसून शाईच्या पेनानं ती पट्टी पुन्हा मांडायचे. मी सातवीत असताना एकदा चाळीस रव्यांच्या पट्टीत बेचाळीस रव्यांची हमाली लागली होती. दिवाणजी म्हणाले, पुढच्या खेपेला वळती करून घेऊ. आबा म्हणाले, “नगं, आजच करा.” आणि बसून राहिले. दोन रव्यांच्या हमालीपायी आमची पाचची एस. टी. चुकली, तेवढ्यात माझा वडा आणि दोन चहा झाले. पट्टी दुरुस्त झाल्यावरच उठले.

हा स्वभाव काही आमच्या घराचाच नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर वर्षी वजनकाट्यावरून आणि साखरउताऱ्यावरून रणं माजतात. तोडणी-वाहतुकीचे किती वजा केले ते पारावरचा म्हातारा टनाच्या हिशेबानं सांगतो. त्याच माणसाचा मुलगा म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता टाकतो आणि त्यातून काय कापलं जातं ते त्याच्या गावीही नसतं.

माझा भाचा तसाच. तो गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे. पीएफ त्याला पाठ आहे: त्याचे 12 टक्के, कंपनीचे तेवढेच, 2023-24 चं व्याज 8.25. पीएफ चालवायचा अर्धा टक्का कंपनी वेगळा भरते, त्याच्या हिश्शाला हात लागत नाही. पण त्याचं एसआयपी बँकेतल्या साहेबांनी काढून दिलंय, ‘फुकट’. ती रेग्युलर, म्हणजे मध्यस्थामार्फतची योजना निघाली. त्याच फंडाची मध्यस्थाशिवायची डायरेक्ट योजना 2013 च्या जानेवारीपासून मिळते, आणि शेअर्सच्या फंडांत दोन्हींच्या खर्चात एक टक्क्याच्या आसपास फरक असणं नवल नाही. साहेबांचं कमिशन त्यातूनच जातं. मी म्हणालो, सल्ला हवा असेल तर जरूर पैसे मोज, पण मोजतोयस हे तरी माहीत असू दे. त्यानं विषय क्रिकेटवर नेला.

आता ताईच्या योजनेकडे येतो. राष्ट्रीय पेन्शन योजनेत पैसे गुंतवणाऱ्याला किती द्यायचे, याचे दर 2021 साली ठरले, त्यातला सगळ्यात चढा टप्पा 0.09 टक्क्यांचा होता. शंभर रुपयांना नऊ पैसे. खातं ठेवायचे किरकोळ पैसे वेगळे. माझ्या जुन्या कंपनीत याच्या दहापट कापत होते. इथं तुमचा खर्च तुम्ही कुणाच्या दारात नोकरीला लागलात त्यावर ठरतो: कंपनी छोटी, तिची गंगाजळी छोटी, म्हणून घासाघीस करायला जोर नाही. तिकडे कागलच्या शिक्षिकेला आणि दिल्लीतल्या सचिवाला एकच दरपत्रक. अख्ख्या देशानं एकत्र घासाघीस केल्यावर असा भाव मिळतो. जुनी की नवी या भांडणात ही गोष्ट एकाही भाषणात मी ऐकली नाही. सरकारी बाजूनंही ती कुणी मांडली नाही, याचं जास्त आश्चर्य वाटतं.

इथं लोक त्यासाठी कोर्टात गेले. एडिसन या वीज कंपनीच्या कामगारांची तक्रार होती, की तोच फंड घाऊक दरात मिळत असताना आमच्या योजनेत किरकोळ दराचा ठेवलाय. टिबल विरुद्ध एडिसन या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, फंड एकदा निवडला की योजना चालवणाऱ्याचं काम संपत नाही, त्यावर लक्ष ठेवत राहणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “स्वस्त हाय म्हणतोस. पर मिळणार किती, त्ये सांग की.”

तिथं माझी बोलती बंद झाली. तिच्या योजनेत निवृत्तीच्या वेळी किमान 40 टक्के रकमेची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते. तिचा दर त्या वेळी विमा कंपनी सांगेल तो, आणि महागाई भत्त्याची सोय नाही. 2008 साली इथला शेअर बाजार वर्षभरात एक तृतीयांशाहून जास्त आपटला. त्या डिसेंबरात निवृत्त झालेल्याचा खर्च 0.05 असता काय आणि 0.95 असता काय, त्याचं पुढचं गणित कोलमडलंच. हमी मागणारी माणसं अडाणी नसतात, एवढं परदेशात राहून मला नक्की कळलंय. मात्र तिच्या हमीचे पैसे राज्याच्या तिजोरीतून येणार, आणि ती भरणाऱ्यांत माझा भाचाही आहे. त्याची पीएफची पेन्शन 15 हजारांच्या पगारमर्यादेवर 35 वर्षं धरली तरी साडेसात हजार होते. मामा डॉलरात खातोय, मावशी हमी मागतेय, आणि बिल त्याच्या नावावर. हे ताईला सांगितलं तर ती महिनाभर फोन करायची नाही, म्हणून इथं लिहितोय.

गेल्या रविवारी तिनंच विषय काढला. “तुझ्या त्या जुन्या कंपनीनं अकरा वर्षं जास्तीचं कापलं, त्ये परत दिलं काय?”

“नाही.”

“मागितलंस तरी?”

“नाही.”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. “आबा असतं तर पायरीवरनं उठलं नसतं,” म्हणाली, आणि भात उतरवायला गेली.