डिस्चार्जनंतर कुठे जायचं?

हेल्मेट घाला असं सांगणारी ही पोस्ट नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांनी सांगत राहावं. मला लिहायचंय ते त्या माणसांबद्दल, ज्यांच्या डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, जीव वाचला, टाके निघाले, केससुद्धा परत आले आणि आता जे घरात नुसते बसून आहेत.

आमचे धाकटे दीर त्यातलेच. त्यांना आणि जावेला विचारूनच लिहितेय. दीर म्हणाले, "लिवा की वहिनी, पण येडा झालाय असं लिवू नका." नाही लिहिणार, कारण ते तसे नाहीतच.

त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. उसाच्या पट्ट्यातल्यांना सांगायला नको, ऐन पाण्याच्या पाळीला पंपाची मोटार जळली की शेतकरी कसा डोकं खातो ते. रात्री अकराला शटर वर करून वाइंडिंग भरायला बसणारा हा माणूस. एका रात्री मोटारसायकलवरून येताना हायवेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. तो विषय वेगळा, त्यावर लिहायला घेतलं तर माझी भाषा बिघडेल.

आज त्यांचे हातपाय शाबूत आहेत. चालतात, जेवतात, क्रिकेटवर वाद घालतात. पाहुणे येतात आणि म्हणतात, "अरे, हे तर ठणठणीत आहेत!" पाहुणा अर्धा तास बसतो, तेवढा वेळ तेही नीट असतात. संध्याकाळपर्यंत थांबा म्हणावं. दिवसभरात मेंदू थकतो आणि तो थकवा कुणाला दिसत नाही. मग कुकरच्या शिट्टीनेही ताट भिरकावलं जातं आणि थोड्या वेळाने तेच विचारतात, "हे कुणी सांडलं?" वास येत नाही, त्यामुळे गॅस चालू राहिलेला कळत नाही. फोनवर कुणी गोड बोललं की ओटीपी देऊन मोकळे. एका लग्नात भर मांडवात नवरदेवाच्या वडिलांना विचारलं, "हुंडा किती घेतला?" (प्रश्न बरोबर होता, हे माझं खासगी मत.)

गावात याला तीन स्पष्टीकरणं आहेत. पितोय, नाटकं करतोय, नाहीतर बाहेरचं काहीतरी झालंय. खरं कारण कुणी जावेला साध्या मराठीत सांगितलंच नाही. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो तो राग आवरतो, जीभ आवरतो, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर ते ठरवतो. जोराचा आदळ बसला की हाच भाग कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासला जातो. वासाचे बारीक मज्जातंतू तिथूनच खाली नाकात उतरतात, ते तुटतात. आणि आपल्यात काही बिघडलंय हे ओळखणारी यंत्रणाही बऱ्याच अंशी तिथलीच. त्यामुळे "मला काही झालेलं नाही" हे ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटतं.

हॉस्पिटलवर माझा राग नाही. जीव त्यांनी वाचवला. आयसीयूत रोज ग्लासगो स्केलचा आकडा सांगायचे आणि आम्ही बाहेर बाकावर तो शेअर बाजारासारखा ऐकायचो. १५ पैकी १५ झाले त्या दिवशी सासूबाईंनी पेढे वाटले. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी काढलेलं हे माप आहे. डोळे उघडतो का, नीट उत्तर देतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, एवढंच ते बघतं. माणूस दुकान चालवू शकेल का, मुलीवर न ओरडता तिचा अभ्यास घेऊ शकेल का, हे त्या मापात नाही आणि ते त्यासाठी केलेलंही नाही. पण आमच्यासाठी १५ म्हणजे बरा झाला. डिस्चार्ज कार्डावर होतं काय? फिटच्या गोळ्या, फिजिओथेरपी, पंधरा दिवसांनी दाखवायला या.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, हे केंद्र सरकारचेच आकडे. गेलेल्यांची बातमी होते. जखमींतले किती जण आमच्या दिरांसारखे घरी बसलेत, ते कोण मोजतंय? मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आलीय. चांगलीच आहे, त्या रात्री आम्हाला मिळाली असती तर जावेचे दागिने वाचले असते. पण आठव्या दिवसापासून पुढची तीस वर्षं?

दिव्यांग प्रमाणपत्राचं सांगते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे. आम्ल हल्ला आहे, सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे, आणि ते असायलाच हवेत. डोक्याला मार लागून आलेलं अपंगत्व असा वेगळा प्रकार नाही. हातपाय गेले असतील तर अस्थिव्यंगात बसवतात, बोलणं गेलं असेल तर वाचा आणि भाषेत. पण ज्याचं फक्त भान, संयम आणि आठवण गेलीय तो कुठे बसणार? कुणाला मानसिक आजाराच्या रांगेत उभं करतात, कुणाला मज्जासंस्थेच्या दीर्घ आजाराच्या. आमच्या दिरांना हात वर करायला लावले, मूठ आवळायला लावली आणि टक्केवारी बसत नाही म्हणून परत पाठवलं. बहुतेक योजनांचं दार ४० टक्क्यांना उघडतं.

न्यायालयांना हे थोडं तरी कळलंय. २००७ च्या अपघातात मेंदूला इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भरपाई वाढवून ६२ लाखांच्या वर नेली. महत्त्वाचं म्हणजे तिला आयुष्यभर माणूस लागणार हे मान्य करून दोन मदतनिसांचा खर्च स्वतंत्र धरला. दर मात्र प्रत्येकी महिना ५,००० रुपये. माझ्या जावेचा दर कुणी काढला तर शून्य निघेल. ती सकाळी गोळ्या देते, दिवसभर नजर ठेवते, रात्री किल्ल्या लपवते, आणि वर लोकांकडून ऐकून घेते की तीच नवऱ्याला बाहेर सोडत नाही.

मला नेमकं काय हवंय? मोठं सेंटर नकोय. आठवड्यातले चार दिवस सकाळी दहा ते एक जाऊन बसता येईल अशी एक जागा हवी. तिथे यांच्यासारखीच माणसं असतील, ज्यांना एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी कुणी डोळे फिरवणार नाही. एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा, आणि एक समाजसेवक. आणि शेजारच्या खोलीत घरच्यांसाठी खुर्च्या.

इंग्लंडमध्ये हेडवे नावाची संस्था १९७९ पासून हे करतेय. गावोगावी तिचे स्थानिक गट आहेत. २०१७ मध्ये त्यांनी एक ओळखपत्र काढलं. मेंदूच्या इजेमुळे या माणसाला काय काय अडचणी येतात हे त्यावर छापलेलं असतं, म्हणजे तोल जाणाऱ्याला पोलीस दारुडा समजून आत टाकत नाहीत. आपल्याकडेही जोधपूरच्या राजघराण्यातल्या मुलाला २००५ मध्ये पोलो खेळताना डोक्याला जबर इजा झाली आणि त्यातून २००७ मध्ये इंडियन हेड इंजुरी फाउंडेशन उभं राहिलं. राजाच्या घरात झालं म्हणून संस्था झाली असं कुणी म्हणेल. म्हणू दे, झाली ना!

आणि महाराष्ट्राला स्वमदत गट नवीन आहेत का? दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा तालुक्याच्या गावातही भरतात. पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांचं मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी संस्था आहे. म्हणजे कसं करायचं हे आपल्याला माहीत आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, पण आमच्या गावाहून हाजी अलीला रोज कोण जाणार?

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायत, नगरपालिका, सगळ्यांना स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. आमच्याकडे ते वर्षाअखेरीला वाटून टाकतात. हातात थोडे पैसे, सोबत फोटो. चार गावांनी मिळून त्यातला काही भाग एकत्र केला तर एका थेरपिस्टचा आठवड्यातल्या दोन दिवसांचा पगार निघायला काय हरकत आहे? जागा तर पडूनच आहेत. गणेश मंडळाचा हॉल वर्षातले दहा दिवस सोडले तर कॅरमसाठीच उघडतो.

आता रिवाइंडिंगचं. मध्यंतरी दिरांच्या जुन्या मित्राने एक जळकी मोटार घरी आणून दिली. दिरांनी जुनी तार काढली, खाचा साफ केल्या, इन्सुलेशनचा कागद मापात कापून बसवला. हात एकदाही अडले नाहीत. गाडी अडली ती वेढे मोजताना. किती झाले ते विसरायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तार फेकली. दुसऱ्या दिवशी माझी पुतणी वही घेऊन शेजारी बसली आणि दर दहा वेढ्यांना एक रेघ ओढत गेली. मोटार पूर्ण झाली, वॉर्निश झालं, चाचणीला चाललीसुद्धा. म्हणजे हा माणूस कारागीर आहे, त्याला फक्त मोजणारं कुणीतरी लागतं. पण पुतणी दहावीला आहे, ती किती मोटारी मोजणार? समाजाने आधार द्यावा असं आपण भाषणात म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ती वही येते. वही धरायला पगारी माणूस द्या, दुकान उद्या उघडतं.

तर सुरुवात म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयात बसायचं ठरवलंय. ग्रंथपालांनी खोली दिलीय. तुमच्या घरात, शेजारी, कामावर असं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, पत्ता कळवते. त्यांना घेऊन या किंवा एकटेच या, दोन्ही चालेल. चहाची व्यवस्था माझ्याकडे, कारण जावेने आधीच बजावून ठेवलंय की त्या दिवशी ती कुणालाही काही आणून देणार नाही, नुसती बसणार आहे.