उद्या बघितलं तरी चालेल

काम आणि घर यांच्यात निरोगी सीमारेषा आखायची म्हणताय? उत्तम. फक्त ती पेन्सिलीने आखा, पुसायला बरी पडते.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. 'आज उपलब्ध नाही' अशी दिवसभराची नोंद टाका आणि निर्धास्त व्हा. अशी नोंद गुगल कॅलेंडरमध्ये मुळातच 'फ्री' म्हणून पडते, ती हाताने 'बिझी' करावी लागते, असल्या बारकाव्यांत शिरू नका. दुपारपर्यंत त्याच दिवसावर तीन मीटिंगा येतील. 'आउट ऑफ ऑफिस' नावाचा प्रकार आमंत्रणं आपोआप नाकारतो म्हणे. इतका उद्धटपणा आपल्याला शोभत नाही.

लॅपटॉप उशाशीच चार्जिंगला लावावा.

रजेवर जाताना ऑटो-रिप्लाय जरूर ठेवा आणि त्याखाली स्वतःचा मोबाइल नंबर द्या. आपल्या जागी कोण बघेल, फाइल कुठे आहे, मंजुरी कोणाकडून घ्यायची, हे दोन दिवस आधी लिहून ठेवणं म्हणजे जेमतेम अर्ध्या पानाचं काम. पण ते करू नका. केलंत तर तुमच्यावाचून ऑफिस चालेल, आणि मग तुमची किंमत काय राहिली?

फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावायलाही हरकत नाही. त्यात एक चोरवाट ठेवलेली असते. एकाच नंबरवरून आयफोनवर तीन मिनिटांत किंवा अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला, तर तो वाजू देता येतो. ही सोय घरच्या अडीअडचणीसाठी आहे. ऑफिसात ती 'लागोपाठ दोनदा लावला की उचलतो' अशी प्रसिद्ध होते, आणि मग तिसऱ्या स्लाइडवरचा लोगो डावीकडे हवा की उजवीकडे, हीसुद्धा अडीअडचण ठरते. अँड्रॉइडची वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या ॲप्सचा वेगळा कप्पा, एका टॅपने झोपवता येते, तेवढं समाधान माना. ऑफिसचा सगळा कारभार तुमच्या खासगी व्हॉट्सॲपवर चालतो, त्यामुळे झोपते ती फक्त प्रोफाइल.

आता मुख्य साधना. रविवारी रात्री सव्वादहाला एक मेसेज येतो. सहा ओळी, दोन फाइली आणि शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य: 'घाई नाही, उद्या बघितलं तरी चालेल.' केवढं हे औदार्य! वाचणाऱ्याने ते शिरोधार्य मानावं, फाइल उघडू नये आणि शांत झोपावं. आकड्यांत काही चुकलंय का, सोमवारच्या मीटिंगमध्ये आपल्यालाच उभं करणार का, 'दोन्ही फाइली' असं का लिहिलंय, कालच्या फाइलीचं काय झालं, असले विचार डोक्यात येऊच देऊ नयेत. साडेबाराला छताकडे बघत पडलेले लोक उगाच भावनाप्रधान असतात.

उद्या बघितलं तरी चालणार असेल, तर उद्याच पाठवायला काय झालं होतं? जीमेलमध्ये 'सेंड'च्या शेजारी एक बारीक बाण असतो. तो दाबला की 'शेड्यूल सेंड' दिसतं. तिथे सोमवार, सकाळी साडेनऊ निवडायचं, संपलं. ही सोय २०१९ पासून आहे. आउटलुकमध्ये आहे, ऑफिसच्या निरोपांसाठीच्या स्लॅक ॲपमध्ये आहे. व्हॉट्सॲपवरच लिहायची हौस असेल, तर स्वतःच्याच नंबरवर पाठवून ठेवता येतं. पण नाही. डोक्यात आलं की ते दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं आणि आपण हलकं होऊन घोरायचं. फोक्सवॅगनने २०११ मध्ये जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर जाणारी ईमेल पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने सर्व्हरवरच अडवायला सुरुवात केली, ती काही गंमत म्हणून नव्हे. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क आहे, पण त्यात मेसेज पाठवणाऱ्याचे हात मोकळेच राहतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये नेमकं तेच ओळखलं आणि विश्रांतीच्या वेळेत संपर्क टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कारण मेसेज एकदा वाजला की हक्क घेऊन काय करायचंय? झोप तर गेलेली असते!

घाई नसेल तर पाठवू नका हो. सर्व्हर बंद पडला, कोणी जखमी झालं, सकाळी सहाला माल निघायचाय, तर सरळ फोन करा, कोणी नाही म्हणत नाही. बाकी सगळं तुमच्या वहीत राहू द्या. तुमची विसरण्याची भीती हा आमच्या रविवारचा प्रश्न नाही.

आणि त्या मेसेजखाली दोन मिनिटांत 'नोटेड सर' लिहून वर अंगठा टाकणारे तुम्ही, हसू नका. ग्रुपमध्ये अकरा जण आहेत. तुमचा अंगठा दिसला आणि उरलेल्यांनीही एकेक करून फाइल उघडली.