डॉक्टर बाई झाली हा 'जोक' होता म्हणे! १९९९च्या त्या विडंबनावरच्या पोस्टला उत्तर

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर दादाने परवा परत तीच पोस्ट टाकली आणि खाली तीन हसणारे इमोजी. तुम्हीपण पाहिली असेल, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी उकरून काढतंच. म्हणणं थोडक्यात असं, की १९९९ मध्ये बीबीसीने बंद पडलेल्या डॉक्टर हू ची चॅरिटी शोमध्ये, म्हणजे चॅरिटीच्या नावाखाली टाइमपास म्हणून, जाहीर टिंगल केली, त्यात शेवटी डॉक्टरची बाई होते हा सगळ्यात मोठा जोक होता, आणि २०१७ मध्ये तोच जोक सीरियसली करून त्यांनी मालिकेची वाट लावली. काही व्हर्जन्सना एक शेपूटपण असतं की लेखकाने हे सगळं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. दादा, तू हे बघितलेलं नाहीयेस हे मला माहितीये, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी. डॉक्टर हू ही बीबीसीची १९६३ पासूनची साय-फाय मालिका. डॉक्टर नावाचा परग्रहावरचा माणूस, निळ्या पोलिस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या टार्डिसमधून काळात कुठेही फिरतो, आणि मरायला टेकला की मरत नाही, त्याचं शरीर आणि स्वभाव बदलतो, म्हणजे नवा नट आणायची सोय. १९८९ ला मालिका बंद पडली, १९९६ ला एक टीव्ही सिनेमा आला नि गेला, आणि २००५ ला ती परत सुरू झाली. मधल्या त्या रिकाम्या काळात, १२ मार्च १९९९ ला, रेड नोज डेच्या (कॉमिक रिलीफ या चॅरिटीच्या टीव्ही कार्यक्रमाच्या) रात्री बीबीसी वनवर 'द कर्स ऑफ फेटल डेथ' नावाचं वीस-बावीस मिनिटांचं विडंबन तुकड्या-तुकड्यांत दाखवलं गेलं. लिहिलं स्टीव्हन मॉफॅटने, निर्माती त्याची बायको स्यू व्हर्ट्यू, आणि डॉक्टर कोण, तर रोवन अ‍ॅटकिन्सन. हो, आपला मिस्टर बीन.

आता पहिला मुद्दा, "टिंगल केली".

नावापासूनच बघा ना. फेटल डेथ म्हणजे प्राणघातक मृत्यू. आपल्याकडे पिवळा पीतांबर म्हणतात तसला प्रकार. पण हे उगाच सुचलेलं नाहीये, १९७६ च्या एका खऱ्या गोष्टीचं नाव 'द डेडली असॅसिन' होतं, आणि मारेकरी जीवघेणा नसेल तर काय जीव लावणारा असेल का, असं फॅन्स तेव्हापासून विचारतायत. बरं, विडंबन ज्या ग्रहावर घडतं त्याचं नाव टर्सुरस. हे नाव त्याच १९७६ च्या गोष्टीत ओझरतं येऊन जातं, मरणाला टेकलेला मास्टर म्हणजे डॉक्टरचा हाडवैरी तिथे सापडलेला असतो. मास्टरची भेट टर्सुरसवर ठेवणं हे गंमत म्हणून चार एपिसोड बघितलेल्या माणसाचं काम नाही, ते अख्खी मालिका तोंडपाठ असलेल्या येड्याचं काम आहे. ज्याला मूळ कविता पाठ असते तोच तिचं चांगलं विडंबन करतो, हे मराठी माणसाला तरी वेगळं सांगायला नको.

आणि त्या टर्सुरसवरचे लोक बोलायचे कसे, तर पादून. अगदी नेमक्या सुरात आणि मापात. आगीचा शोध लागला आणि त्या दिवशी सगळी जमात संपली. आता हा विनोद चौथीच्या वर्गातला आहे हे मी मान्य करते, पण मला आजही हसू येतं, काय करणार. शिवाय पुढे डालेकांसमोर, म्हणजे मालिकेतल्या त्या यंत्रासारख्या परग्रही खलनायकांसमोर, डॉक्टर आणि मास्टरला गुप्त बोलायचं असतं तेव्हा हीच भाषा कामाला येते, म्हणजे नुसता फालतूपणा नाही, पुढे वापरायला पेरून ठेवलेला फालतूपणा आहे.

माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे आर्किटेक्टची लाच. मास्टर सापळा लावून बसलेला असतो, म्हणतो मी भूतकाळात जाऊन हा वाडा बांधणाऱ्या आर्किटेक्टला लाच दिली आणि इथे सापळा बसवून घेतला. डॉक्टर शांतपणे म्हणतो की तू असं करणार हे मला ठाऊक होतं म्हणून मी त्याच्याही आधी जाऊन लाच दिली. मग मास्टर त्याच्याही आधी, मग डॉक्टर त्याच्याही आधी, तो आर्किटेक्ट नुसता जेवणावळी झोडत बसला असणार. एकदा तर भयानक खिळे निघायच्या जागी बऱ्यापैकी आरामदायक सोफा निघतो. आणि मास्टर मात्र दर वेळी खालच्या गटारात पडतो, तिथून वर चढून यायला त्याला ३१२ वर्षं लागतात, तो म्हातारा होऊन त्याच क्षणी दारातून परत येतो आणि परत पडतो. अशी ९३६ वर्षं गटारात. टाइम मशीन हातात असलेली दोन माणसं भांडायला लागली तर भांडण कसं होईल याचा मूळ मालिकेने इतक्या वर्षांत फार कमी वेळा विचार केला होता, बहुतेक वेळा टार्डिस म्हणजे नुसती रिक्षा, या ग्रहावरून त्या ग्रहावर सोडायला. मॉफॅटने पुढे खऱ्या मालिकेच्या 'ब्लिंक' मध्ये २००७ ला आणि 'द बिग बँग' मध्ये २०१० ला हेच काळाचे गुंते गंभीरपणे वापरले आणि लोकांनी डोक्यावर घेतले. ज्याला टिंगल म्हणताय त्यात मालिकेसाठी नवीन यंत्र तयार होत होतं.

अ‍ॅटकिन्सनचं पण बघा. बीनसारखे चेहरे करून धुमाकूळ घालायची मुभा असताना तो अजिबात तसं करत नाही, एकदम सरळ, थोडा कंटाळलेला, तुसडा डॉक्टर करतो, म्हणजे उद्या खऱ्या मालिकेत उभा केला तरी चालून जाईल असा. मास्टर झालेला जोनाथन प्राइस मात्र सुटलाय. तो कपट करताना इतका खूश असतो की बास. डालेकांच्या आवाजात रॉय स्केल्टन आहे, जो १९६७ पासून मूळ मालिकेत डालेकांना आवाज देत होता, आणि पार्श्वसंगीतही मालिकेतल्या जुन्या गोष्टींमधून उचललेलं. टिंगल करणारी माणसं एवढा खटाटोप करतात का हो?

मालिकेचे दोष काढलेत का, तर काढलेत की. गुंतागुंतीचं काही आलं की डॉक्टर म्हणतो "नंतर सांगतो". डालेकांच्या यानात खुर्च्या का असतात, त्यांना तर बसताच येत नाही? नंतर सांगतो. पण असले दोष घरचा माणूसच काढतो. मॉफॅट १९९६ ला डॉक्टर हू च्या कथासंग्रहात गोष्ट लिहून बसला होता, तेव्हा मालिका टीव्हीवर नव्हती आणि त्यातून काही करियर होणार असंही दिसत नव्हतं.

"चॅरिटीच्या नावाखाली टाइमपास" हे एका वाक्यात संपवते. कॉमिक रिलीफ १९८५ ला इथिओपियाच्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर रिचर्ड कर्टिस आणि लेनी हेन्रीने सुरू केलं, हसवून पैसे गोळा करणं हाच त्याचा धंदा आहे, आणि पुढे व्हिडिओ कॅसेट आली तिचे पैसेही तिकडेच गेले. हां, चॅरिटीसाठी केलेलं डॉक्टर हू वाईट असू शकतं हे मला मान्य आहे. १९९३ ला चिल्ड्रन इन नीडसाठी ईस्टएंडर्स या मालिकेबरोबर जोडून थ्रीडीमध्ये केलेलं 'डायमेन्शन्स इन टाइम' बघा, किंवा नकाच बघू. त्यात तेव्हा हयात असलेले सगळे जुने डॉक्टर आले आणि कोणाला काही करायलाच नव्हतं. त्याच्या जखमा ताज्या असताना मॉफॅटने हे केलं हे विसरू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर ते तीन इमोजी होते. "बाई होणं हा जोक होता."

शेवट काय आहे ते सांगते. डॉक्टर एकामागोमाग एक मरत राहतो आणि बदलत राहतो, अ‍ॅटकिन्सनचा रिचर्ड ई. ग्रँट होतो, मग जिम ब्रॉडबेंट, मग ह्यू ग्रँट. प्रत्येकाला अगदी थोडा वेळ. रिचर्ड ई. ग्रँट स्वतःवरच फिदा, ब्रॉडबेंट बायकांसमोर लाजून चूर. ह्यू ग्रँटला अशा ऊर्जेचा झटका बसतो की आता बदलणंही शक्य नाही, संपलं. आणि इथे विनोद थांबतो. खरंच थांबतो. डॉक्टरची सोबतीण आणि होणारी बायको एमा, म्हणजे ज्यूलिया सवाल्हा, त्याच्याशी बोलते, की तू सांताक्लॉजसारखा आहेस, तू असा मरू शकत नाहीस. तो कधी क्रूर नव्हता, कधी भित्रा नव्हता, आणि तो नसेल तर पुन्हा निर्धास्तपणे घाबरता येणार नाही असं काहीसं ती म्हणते. लहान मुलं सोफ्यामागे लपून ही मालिका का बघायची याचं इतकं नेमकं उत्तर मी तरी दुसरीकडे ऐकलं नाहीये. मालिका टीव्हीवर नसताना हे वाक्य लिहिलंय, त्यामुळे ती फक्त एका पात्राबद्दल बोलत नाहीये हे कळतं. कधी क्रूर नाही, कधी भित्रा नाही, हे शब्द मॉफॅटने २०१३ च्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या स्पेशलमध्ये परत वापरले, तिथे कोणी हसलं नाही.

तर एवढं रडवून झाल्यावर चमत्कार होतो, विश्वालाच डॉक्टरशिवाय राहवत नाही, आणि तो परत येतो तो जोआना लमली होऊन. म्हणजे बाई होणं ही शिक्षा नाहीये, फजिती नाहीये, ते बक्षीस आहे. ज्या क्षणासाठी सगळी गोष्ट रचली तो क्षण आहे. आणि लमलीला आल्या आल्या ज्या आत्मविश्वासाने वावरताना बघतो ना, ती डॉक्टर वाटते, बस.

त्यानंतरचे जोक मात्र आहेत आणि ते सगळे चांगले नाहीत, हे लपवत नाही. डॉक्टरच्या सॉनिक स्क्रूड्रायव्हर नावाच्या अवजाराच्या सेटिंग्जवरचा चावट जोक, मास्टरला डालेकांनी बसवलेल्या त्या छातीवरच्या उंचवट्यांचा आधीचा जोक, हे १९९९ चे जोक आहेत आणि तसेच जुने वाटतात. एमा म्हणते की ज्या पुरुषाच्या मी प्रेमात पडले तो तू राहिला नाहीस, आणि लग्न मोडतं. आज लिहिलं असतं तर कदाचित वेगळं लिहिलं असतं. पण नीट बघ दादा, यातला एकही जोक "बाई काय डॉक्टर होणार" असा नाहीये. जोक आजूबाजूच्यांच्या गोंधळावर आहेत.

आणि ही कल्पना १९९९ ला आकाशातून पडलेली नव्हतीच. १९८० ला टॉम बेकर मालिका सोडत होता तेव्हा त्याने पुढच्या डॉक्टरला शुभेच्छा देताना "तो किंवा ती" असं म्हणून पत्रकारांना कामाला लावलं होतं. १९८६ ला तर खुद्द सिडनी न्यूमनने, ज्याने मालिका जन्माला घातली त्याने, बीबीसीला लिहिलं होतं की डॉक्टरला बाई करा. त्याचा काही चॅरिटी शो नव्हता.

राहता राहिलं ते शेपूट, "मॉफॅटने तेव्हाच ठरवलं होतं". याच्या पुराव्यादाखल सांगतात की विडंबनात लमली तेरावी डॉक्टर आहे आणि २०१७ ला आलेली जोडी व्हिटेकरपण तेरावी! ऐकायला भारी आहे. पण लमली तेरावी आहे कारण तेव्हा आठ डॉक्टर होऊन गेले होते आणि विडंबनाला पाच जण हवे होते. आठ आणि पाच तेरा, भविष्यवाणी कसली. शिवाय टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कोणालाही, बाराच वेळा बदलता येतं हा नियम परत त्याच १९७६ च्या गोष्टीतला, म्हणजे तेरा हा शेवटचा आकडा कोणत्याही फॅनला आधीपासून माहिती. आणि गंमत अशी की मॉफॅट २०१० ते २०१७ स्वतः मालिका चालवत होता, त्याने मुख्य डॉक्टर निवडले दोन, मॅट स्मिथ आणि पीटर कपाल्डी. दोघे पुरुष. व्हिटेकरला निवडलं त्याच्यानंतर आलेल्या ख्रिस चिबनलने. इतकं कारस्थान शिजवलेला माणूस सात वर्षं खुर्चीवर बसून ते करत नाही?

त्याने जे केलं ते हळूहळू केलं. २०१४ मध्ये मास्टरची मिसी नावाची बाई झाली, २०१५ मध्ये एक गोरा जनरल पडद्यावर बदलून काळी स्त्री झाला. २०१७ आवडलं की नाही हा वेगळा वाद आहे, व्हिटेकरच्या काही गोष्टींची पटकथा मलाही अळणी वाटली, पण त्याचं खापर वीस-बावीस मिनिटांच्या विडंबनावर फोडायचं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं आहे.

उलट्या बाजूचे फॅन्सही कमी नाहीत हां, त्यांच्या मते या विडंबनानेच मालिका परत आणली. तसंही नाहीये. परत आणली रसेल टी. डेव्हिसने, घोषणा २००३ ची. मधल्या काळात कादंबऱ्या चालू होत्या, १९९९ च्या जुलैपासून बिग फिनिशची श्राव्य नाटकं आली, ते सगळं जिवंत ठेवणारे शेकडो हात होते, हा त्यातला एक.

दादा, कॅसेटसाठी दोन भागांत जोडलेली आवृत्ती पण आहे पण तू चार भागांची बघ, प्रत्येक भाग ऐन मोक्याला तुटतो ती मजा त्यातच आहे. कुकर लावून बसलास तर वाफ जिरेपर्यंत संपतं. ह्यू ग्रँट आडवा पडला की फोन बाजूला ठेव आणि एमा काय बोलते ते ऐक, मग ग्रुपवर ये. आणि शेवटी लमली मास्टरच्या हातात हात घालून निघते तेव्हा तुला मास्टर का म्हणतात असं ती विचारते, तो काय उत्तर देतो ते मी सांगणार नाही, पण तू वर वाचलंयस.