एक स्टारला उत्तर : मशीन डुप्लिकेट नाही दादा, पट्टा चुकला, आणि तो आम्हीच दिला

नमस्कार दादा, लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचा मालक लिहितोय. तुमचा रिव्ह्यू फोटोसकट दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, आमच्याकडनं नेलेल्या बीपी मशीनवर आबांचं घरी 152/94 आलं, लगेच परत घेतलं तर 146/90, मग 141/88, त्याच दिवशी डॉक्टरांनी पाऱ्याच्या मशीनवर 130/80 सांगितलं, दादांचं हातातलं घड्याळ आबांच्या मनगटावर 126 दाखवतंय, म्हणून मशीन डुप्लिकेट, आणि परत द्यायला आले तर आमच्या पोरानं "उघडलेला पीस परत होत नाही" म्हणून वाटेला लावलं.

शेवटचं आधी घेतो. तिथं आमचं चुकलं. बॉक्स उघडल्याशिवाय मशीन बरोबर चालतंय का नाही हे कुणाला कळणार ओ? मी त्या दिवशी मिरजेला गेलो होतो पण हे काही कारण नव्हे, पोराला बोललोय आणि तुमचीही माफी मागतो.

पण डुप्लिकेट म्हणाला ते मान्य नाही. मशीन घ्यायला आला तेव्हा बिल मी केलंय, आबा बाहेरच्या स्टुलावर बसले होते आणि त्यांचे मोडलेले कान बघून मी विचारलंही होतं की कुठल्या तालमीतले. असल्या जुन्या पैलवान गड्याचा दंड 36-37 सेंटिमीटरला कमी असेल का? आणि आम्ही डेमो कुणाच्या हातावर दाखवला, तर तुमच्या! 118 आलं, तुम्ही खुश, आम्ही खुश, बॉक्स पिशवीत. त्या बॉक्समधला कफ (खोकल्यातला नव्हे, दंडाला बांधायचा पट्टा) 22 ते 32 सेंटिमीटरचा आहे, पट्ट्यावरच छापलंय बघा. पट्टा लहान पडला की जाड दंडातली धमनी दाबायला जादा हवा भरावी लागते, आणि मशीन तर पट्ट्यातली हवाच मोजतं, मग आकडा वरच जाणार. टेप लावून आबांचा दंड मोजायला आम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं, मोजला नाही, ही आमची दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी.

तरी सगळं पट्ट्यावर ढकलत नाही कारण 22 चा फरक एकट्या पट्ट्यानं पडेल असं मला वाटत नाही. तुमचाच पहिला फोटो मोठा करून बघा. आबा कॉटवर बसलेत, पाठ टेकलेली नाही, सदऱ्याची बाही दंडावर गुंडाळून चढवलेली म्हणजे पट्ट्याच्या वर अजून एक फास, हात मांडीवर सोडलेला, आणि मांडीशेजारी बशीत अर्धा चहा. पट्टा छातीच्या म्हणजे हृदयाच्या पातळीला पाहिजे, तो 10 सेंटिमीटर खाली राहिला तरी 7-8 आकडा जादा येतो, यात मशीनचा दोष नाही, विहिरीत खाली पाण्याचा दाब वाढतो तसलंच गणित आहे. चहा, तंबाखू, जिना चढणं, सगळं अर्धा तास आधी बंद. पाच मिनिटं गप बसायचं. गप म्हणजे गप, मोजताना "किती आलं रे" पण विचारायचं नाही.

तीन वेळा तीन आकडे आले म्हणून मशीन खोटं, हे तर उलटंच आहे. बीपी ठोक्याठोक्याला बदलतं, त्यात पहिल्यांदा पट्टा आवळला की माणूस जरा दचकतोच, म्हणून पहिला आकडा बहुतेक वेळा जादा असतो. एक मिनिट थांबायचं आणि दुसरं घ्यायचं. तीन्ही वेळा तंतोतंत 152/94 आलं असतं तर मलाच शंका आली असती.

आता पारा. पट्टा आणि पाऱ्याची नळी 1896 ला इटलीतल्या रिव्हा-रोच्ची नावाच्या डॉक्टरनं काढली, स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायचं 1905 ला रशियाच्या कोरोत्कोव्हनं सांगितलं, डॉक्टर अजून तेच करतात आणि नीट केलं तर त्याला तोड नाही. पण त्या पट्टीवर दोन-दोनच्या रेघा असतात आणि घाईत माणूस जवळचा गोल आकडा सांगतो, 130/80 हा मला तसलाच वाटतोय. (डॉक्टरांना नावं ठेवत नाही, मी पण वजन विचारलं की 80 च सांगतो.) डिजिटल मशीन ठोके ऐकतच नाही, हवा सोडताना पट्ट्यात जे बारीक हिसके बसतात ते पकडतं, सगळ्यात मोठा हिसका येतो तिथं सरासरी दाब, आणि त्यावरनं वरचा-खालचा आकडा हिशोबानं काढतं, तो हिशोब प्रत्येक कंपनीचा आपापला. त्यामुळं चांगल्या दोन मशीनमध्येही चार-पाचचा फरक राहतो. ठोके अनियमित पडत असतील तर हा हिशोब अजून गडबडतो, आबांना तसलं काही असेल तर मला आधी सांगा. पाऱ्याचं मशीन आम्ही आता विकत नाही, पारा विषारी म्हणून 2013 च्या मिनामाता करारानं ते जगभर बंद होत चाललंय, भारतानंही 2018 ला तो करार मान्य केलाय.

घड्याळाबद्दल काय बोलू. त्यात पट्टाच नाही, मनगटावर उजेड टाकून अंदाज बांधायचा, आणि चांगल्या कंपनीचं असलं तरी आधी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, ते पण ज्याच्या हातात घालायचं त्याच्याच बीपीशी. तुमचं घड्याळ तुमच्यावर जुळवलेलं, ते आबांच्या हातात घालून काय उपयोग? स्वस्तातलं एक तर आम्ही दुकानात केळ्याला बांधलं होतं, केळ्याचं बीपी 118/76.

मला खरी काळजी तुमच्या शेवटच्या ओळीची वाटली, "घाबरून अर्धी गोळी वाढवली". दादा असं नका करू. आजच डॉक्टरांना फोन करून हे सांगा, पुढचं ते ठरवतील.

मशीनचं म्हणाल तर घेऊन या, तपासायला ठेवलेला एक पाऱ्याचा खांब आमच्याकडं आहे, नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही एकाच हवेवर जोडतो आणि 50, 100, 150, 200 ला तुमच्यासमोर आकडे जुळवतो. 3 च्या वर फरक दिसला तर तिथंच नवीन मशीन. जुळलं तर आबांच्या मापाचा मोठा पट्टा आमच्याकडनं फुकट, आणि एवढं करूनही नको वाटलं तर पूर्ण पैसे परत, स्टार किती ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा. सोमवार सोडून कधीही या, सकाळी अकराच्या आत गर्दी नसते. आबांना अर्ध्या बाहीच्या बनियनवर सदरा घालून आणा म्हणजे काढायला सोपं, चहा मोजून झाल्यावर माझ्याकडनं, आणि निघायच्या आधी त्यांना लघवीला जाऊन यायला सांगा, तुंबलेली असली तरी आकडा चढतो.