विषयांतर

आज दुपारी माझ्या जुन्या महाविद्यालयात 'धर्म आणि आजचा तरुण' या विषयावर व्याख्यान होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गेले होते, आणि परत आल्यापासून इतकी अस्वस्थ आहे की लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

वक्ते दीड तास बोलले. एकादशीच्या उपवासाने पचन सुधारते, घंटेच्या नादाने चित्त स्थिर होते, गंधाने कपाळ थंड राहते, एवढेच ते फिरवून फिरवून सांगत होते. पायांना फोड आले तरी पंढरीची वाट चालणारा माणूस काय पचनासाठी चालतो? शेवटी एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, की संतांनी सगळ्यांना एक मानले, तर चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर का? वक्त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्ष "विषयांतर नको" म्हणाले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

मी दहा वर्षांची असताना नामदेव पायरीपाशी हाच प्रश्न आजीला विचारला होता. आजी माळकरी, चौथीपर्यंत शिकलेली. दर्शनबारी गाठायची घाई असूनही ती थांबली आणि म्हणाली, "आपल्याच माणसांनी त्यांना आत येऊ दिलं नाही गं." आजूबाजूला चार लोक ऐकत होते, तरी तिने आवाज खाली आणला नाही.

वक्त्यांचे पाठांतर दांडगे होते आणि वेळही संपत आली होती, हे मान्य. पण दोन वाक्यांना कितीसा वेळ लागतो? विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, हे पंढरीचे गोडवे गाणाऱ्याला सांगावेसे वाटू नये? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी ऑक्सफर्डला गेले, आणि परतल्यावर 1906 मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या निवारणासाठी मुंबईत मिशन काढले. धर्माचा अभ्यास माणसाला कुठे नेऊन उभा करतो, हे तरुणांना सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते हवे होते? आणि ज्या महाराष्ट्रात बाबासाहेबांना 1935 साली येवल्यात 'हिंदू म्हणून मरणार नाही' असे जाहीर करावे लागले, तिथे धर्मावर बोलताना हा प्रश्न विषयांतर ठरतो? माझा संताप होतो तो इथेच. त्या मुलाला उत्तर द्यायचे नव्हते, तर निदान त्याचा प्रश्न खरा आहे एवढे तरी म्हणायचे होते. आजीला तेवढे जमले होते, आणि तिच्या समोर माईक नव्हता की अंगावर शाल नव्हती.

सभागृहाबाहेर तो मुलगा सायकलचे कुलूप काढत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "मी चुकीचं विचारलं का, ताई?" असे त्याने विचारले तेव्हा माझा सगळा राग गळून गेला. मी त्याला गुरुजींच्या उपोषणाविषयी सांगितले, आणि मग आजीविषयीही. तो बराच वेळ ऐकत राहिला. नंतर त्याने विचारले, "मग पुढे आजींनी काय केलं?"

विठोबासाठी घरून आणलेला नारळ तिने चोखोबांच्या समाधीपुढे ठेवला, डोके टेकवले, आणि रिकामी पिशवी माझ्या हातात देऊन ती बारीत उभी राहिली.