रजेचं कारण : व्हायरल

२०१९ च्या मे महिन्यात, नवव्या आठवड्यात, माझं पोटातलं गेलं. शनिवारी क्युरेटिंग झालं आणि बुधवारी मी ऑफिसात हजर. रजेच्या अर्जावर लिहिलं, व्हायरल. साहेबांनी विचारलंही, "वायरल था क्या मॅडम? आजकल बहुत चल रहा है." मी हो म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या काकू काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात माझ्यासाठी डिंकाचे लाडू होते. इंदूरच्या भर उन्हाळ्यात डिंकाचे लाडू! त्यांना कळलं होतं.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक नव्हती. गर्भ पडला तर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती, कलम ९. दहा माणसं कामाला असलेल्या दुकानालासुद्धा तो लागू होता, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली आहे. मी हे वाचलं चार वर्षांनी, धाकट्या बहिणीचं आयव्हीएफ चालू असताना, तिच्यासाठी काही सापडतंय का बघताना. तिच्यासाठी काही नव्हतं. रोज ठरल्या वेळी इंजेक्शन, दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी, आणि अंडी कधी काढणार ते जेमतेम दोन दिवस आधी कळतं. रजा कशी नि कशाची मागायची? तिने सासूबाईंना इतक्यांदा आजारी पाडलं की शेवटी ऑफिसातले लोक त्यांना बघायला निघाले.

आता पाळीच्या रजेची चर्चा पुन्हा तापली आहे. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. कर्नाटकने २०२५ मध्ये वर्षाला १२ दिवस दिले. संसदेत खासगी विधेयकं येतात आणि तिथेच राहतात. रजा हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भीती आहे ती नावाची. आमच्या आजीला कावळा शिवला की रामबागेतल्या वाड्यात आल्यागेल्याला कळायचं. आता तो कावळा मस्टरवर बसणार का?

म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याचं मला पटलं. २०२४ पासून तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला दहा दिवस प्रजनन आरोग्य रजा आहे. त्यात पाळीचा त्रास, आयव्हीएफ, रजोनिवृत्ती आणि पुरुषाची नसबंदीसुद्धा. रजिस्टरमध्ये नुसतं नाव बघून काही कळत नाही.

२०२४ मध्ये आपलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की पाळीची रजा सक्तीची केली तर मालक बायकांना नोकरी देणं टाळतील. टाळतीलही. आमच्याकडे मुलाखतीत "लग्न कधी?" हे आजही विचारतात, त्याला कुठला कायदा लागला? पण रजा बाप्यांनाही असली, तर निदान नुसतं बाई बघून हिशोब मांडता येणार नाही. आणि सहा आठवड्यांची जी आधीच आहे, ती तरी नेमणूक पत्रावर छापा. एका ओळीचं काम आहे.

परवा राजवाड्याजवळ साडी घेताना दुकानातल्या मुलीला विचारलं, त्या दिवसांत काय करतेस? दिवसभर उभं राहायचं, स्टूलसुद्धा नाही. ती हसली. "दीदी, बोल देती हूँ घर पे पूजा है. सेठ सबको बताते हैं, बड़ी धार्मिक लड़की है."