‘टॉपर’ केरी ग्रँटचा नाहीच

तुमच्या लेखात म्हटलंय की ‘टॉपर’ (१९३७) हा हॉलिवूडचा कृष्णधवल विनोदपट नट केरी ग्रँटने एकट्याने तारून नेला. साफ नामंजूर! ग्रँट आणि कॉन्स्टन्स बेनेट भुतं म्हणून झकास आहेत, पण भुताला काय हो, हवं तेव्हा गायब व्हायची सोय असते. खरी हमाली केलीय टॉपर झालेल्या रोलंड यंगने. हॉटेलमधला प्रसंग पुन्हा बघा. टॉपरसाहेब टल्ली, दोन्ही बाजूंनी दोन अदृश्य भुतं त्यांना धरून चालवताहेत, आणि पडद्यावर दिसतो फक्त हा एक माणूस. पाय एकीकडे, धड दुसरीकडे, चेहऱ्यावर मात्र बँकेच्या अध्यक्षाला शोभेल असा सभ्यपणा टिकवायची केविलवाणी धडपड. ट्रिक फोटोग्राफी आहेच, पण इथे निम्मी ट्रिक त्याच्या अंगात आहे. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकनही त्यालाच मिळालं होतं, ग्रँटला नाही. लेखात त्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत!

आणि नव्या प्रेक्षकांनी १९८५ची संगणकाने रंगवलेली प्रत बघावी, हा सल्ला तर कृपया मागे घ्या. मी ती अर्ध्यावर बंद केली. सगळ्यांचे चेहरे पावडर फासल्यासारखे. अपघातात मेल्यानंतर ग्रँट-बेनेट हे नवरा-बायको ओंडक्यावर बसतात आणि आपण आरपार दिसतोय हे हळूहळू त्यांच्या लक्षात येतं, ती गंमत करड्या छटांमध्येच खुलते.